तेराची केस

सकाळी ८. सात रस्त्याला रिक्षाची वाट पाहत मोबाइलवर रात्रीचे सबमिशन चाळतो. बहुतेक सगळे मुदत संपता संपता आलेले. लाल खुणा पुष्कळ.

११. पहिल्या वर्षाचं सी भाषेचं प्रॅक्टिकल. "सर, माझ्याकडं चालायलंय की! इथं राँग आन्सर का दाखवायलंय?" चालतंय हे खरंच. त्यानं 'एंटर अ नंबर' ही ओळही छापली आहे, पुस्तकात असते तशी. तपासणारा प्रोग्राम मात्र आउटपुट अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. जादा ओळ आली की शून्य. त्याचा राग रास्त आहे. नियम आधी न सांगता कापलेला मार्क मुलं का मान्य करतील? फळ्यावर नियम लिहून मगच पुढे सरकतो.

१२. आजचा प्रश्न फॅक्टोरियलचा. दिसणाऱ्या सगळ्या टेस्ट केस पास, लपवलेली एक, तेराची, फेल. वर्गात कुजबुज सुरू. १२ चं फॅक्टोरियल ४७९००१६००, ते इंटमध्ये मावतं. १३ चं ६२२७०२०८००, आणि ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २१४७४८३६४७. आकडे फळ्यावर मांडल्यावर मागच्या बाकावरून आवाज येतो, "मग लाँग लाँग घ्यावं लागंल." एकानं तर ५ आला की १२० छापा, असं थेट लिहून दिसणारी केस पास केली होती. लपवलेल्या केस याचसाठी हव्यात. पण त्या का फेल झाल्या हे कळलं नाही, तर पोरं नुसते अंदाज करत सबमिट दाबत राहतात.

दीड. भाकरी, शेंगाचटणी. प्रोग्रामनंच प्रोग्राम तपासण्याची ही पद्धत नवी नाही: अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधले जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्राम असेच तपासून घेतले होते, त्यावरचा त्यांचा लेख १९६० चा.

४. मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी थांबते. ओरलमध्ये तिचा आवाज फुटत नाही. "इथं कितीबी चुकलं तरी कुणी बघत नाही, सर." तिच्यासाठी हे यंत्र फार मोलाचं आहे. पण 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणजे काय, हे ते तिला सांगत नाही. शेजारी बसतो. ॲरे पाच घरांचा, लूप सहाव्या घरात शिरतो. तिचं तिलाच दिसतं.

रात्री ९. उद्याच्या केस लिहितो. प्रत्येक लपवलेल्या केससोबत मराठीत एक सूचना जोडतो: 'उत्तर इंटमध्ये मावतंय का ते पाहा.' निम्मे मार्क यंत्राचे, निम्मे स्वतःचा कोड समजावून सांगण्याचे.