धारावी पुनर्विकास : खालच्या मजल्याला धारावीतच घर, वरच्याला बाहेर, असं का?

धारावीत कुणाला कुठे घर मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरतंय. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता आणि तुमच्याकडचा पुरावा कोणत्या सालचा आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने ५,०६९ कोटींची बोली लावून हा प्रकल्प मिळवला. काम पाहणाऱ्या नवभारत मेगा डेव्हलपर्स या कंपनीत अदानींचा वाटा ८० टक्के, राज्य सरकारचा २० टक्के.

आता नियम बघा. झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची आणि तळमजल्यावरची असेल, तर धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. २००० ते २०११ दरम्यानची असेल, तर ३०० चौरस फुटांचं घर, पण धारावीच्या बाहेर आणि अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आलेले आणि वरच्या मजल्यांवर राहणारे यांना बाहेर भाड्याचं घर, जे पुढे विकत घेता येईल.

वरच्या मजल्याला वेगळा न्याय का? कारण एसआरएच्या नियमात झोपडी म्हणजे तळमजला. माळ्यावर कुणी तीस वर्षं राहत असलं, तरी फरक पडत नाही.

खरी अडचण इथेच आहे. धारावीत खाली कारखाना किंवा दुकान आणि वर बिऱ्हाड, ही नेहमीची रचना. चामड्याचं काम, शिवणकाम, भंगार वेगळं करणं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरच्या घरांसाठी मुलुंड, कुर्ला, देवनार अशा ठिकाणच्या जमिनींची नावं पुढे आली आहेत. ३०० चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं, पण रोज लोकल पकडून कामाला यायचं, तर त्या घराचा हिशेब बदलतो. दिवसावर पैसे मिळणाऱ्या कारागिराला तर जास्तच.

कंपनीला यातून काय मिळणार? पुनर्वसनानंतर उरलेल्या जागेत विक्रीच्या इमारती, त्याही बीकेसीला लागून. शिवाय टीडीआर, म्हणजे एका जागी न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय. २०२३ च्या अधिसूचनेनुसार मुंबईतल्या इतर बिल्डरांना लागणाऱ्या टीडीआरपैकी ४० टक्के आधी धारावीतून घ्यावा लागणार आहे. त्यामुळे गिऱ्हाईक शोधायची फारशी चिंता नाही!

घरोघरचं सर्वेक्षण मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. ते कंपनी करते, पण पात्र-अपात्र ठरवायचा अधिकार सरकारी यंत्रणेकडे आहे. तिच्या यादीला ‘परिशिष्ट २’ म्हणतात. ती भागवार निघते, आधी प्रारूप आणि मग अंतिम. नाव चुकलं किंवा गळलं असेल, तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते. त्यासाठी जुनी वीजबिलं आणि मतदार यादीतली नोंद जपून ठेवलेली बरी.