बकुळीचा हार आणि पॉलिमरची माती

फूल हा आपल्याकडील स्त्रियांचा सर्वांत जुना अलंकार होय. परंतु गजरा कितीही जपला तरी दुसऱ्या दिवशी तो कोमेजतोच. आपल्या सोनारांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. त्यांनी फूलच सोन्यात उतरविले. बकुळीहार, चाफेकळी, कर्णफूल, अंबाड्यात खोवण्याचा केवडा, ही नावे उच्चारली की बाग डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्या शहापुरात सराफ गल्ली आहे, आणि निपाणीहून फार दूर नसलेले हुपरी गाव चांदीच्या कामाकरिता सर्वदूर प्रसिद्ध आहे. तेव्हा फुलांचे दागिने ही आम्हां सीमाभागातील लोकांना नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते एका नव्या द्रव्याचे. सोने विद्यार्थ्यांच्या हाती सहसा येत नाही. हे द्रव्य मात्र थोड्या पैशांत मिळते आणि बोटांनी घडविता येते. त्याला 'पॉलिमर क्ले' म्हणजे पॉलिमरची माती म्हणतात.

वस्तुतः ही माती नव्हेच. खानापूरच्या कुंभारकामात वापरतात ती खरी माती. ती भट्टीत शेकडो अंशांच्या उष्णतेत भाजली म्हणजे तिचे रूपांतर होऊन ती पक्की होते. पॉलिमरची माती म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे एक तेलकट द्रव्य आणि रंग यांचे मिश्रण. ती हवेत वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसवर तापविली की ते द्रव्य कणांत शोषले जाते, कण एकमेकांत मिसळून जातात आणि वस्तू कठीण होते. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या कन्येने, फिफी रेबिंडर यांनी, असे द्रव्य मुलांच्या खेळासाठी विकण्यास आरंभ केला. १९६४ साली एबरहार्ड फाबर या कंपनीने ते विकत घेतले व पुढे ते 'फिमो' या नावाने जगभर गेले. या नावातील 'फि' हे अक्षर फिफीचेच. बाहुल्यांच्या घरातून निघालेली ही वस्तू दागिन्यांपर्यंत पोहोचली, हे आम्हांस फार गमतीचे वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. परंतु माती हाती घेण्यापूर्वी फूल हाती घ्यावे. बहुतेक मुलांचे काम बिघडते ते येथेच. कागदावर काढतो ते पाच गोल पाकळ्यांचे फूल कोणत्याच झाडाला लागत नाही! बकुळीचे फूल भिंगाखाली पाहा. त्याच्या पाकळ्या मुळात आठ; पण प्रत्येकीला पाठीमागे तिच्यासारखेच दोन भाग फुटलेले असतात, म्हणून ते चोवीस पाकळ्यांच्या चांदणीसारखे दिसते. बकुळीहार घडविणाऱ्या सोनाराने त्यातला तारकेचा घाट तेवढा उचलला. बाकीचा पसारा सोडून दिला. काय घ्यावे आणि काय सोडावे, ही निवड ज्याला जमली त्याला अर्धा दागिना जमला. प्राजक्ताची ओळख पांढऱ्या पाकळ्यांपेक्षा केशरी देठात अधिक असते. शेवंती हे तर एक फूल नसून पुष्कळ लहान फुलांचा गुच्छ आहे, म्हणून ती मध्यापासून बाहेर रचीत जावी लागते.

माती कणकेप्रमाणे चांगली मळावी. न मळता घडविलेल्या पाकळ्यांना चिरा पडतात. काम काचेवर अथवा गुळगुळीत फरशीवर करावे, कारण कच्च्या मातीतील तेलकट द्रव्य लाकडाचे पॉलिश व काही प्लास्टिके खराब करते. ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घेऊन तिला एका टोकाला निमुळती करावी, बोटाने चपटी करावी आणि सुईने शिरा ओढाव्यात. खरे पान हलकेच दाबले तर शिरा आपोआप उमटतात. पाकळ्या जोडताना कडा किंचित उचलून ठेवाव्यात. सपाट फूल निर्जीव दिसते. रंग एकच घेऊ नये. पिवळ्यात पांढरा अर्धवट मिसळला म्हणजे सोनचाफ्याची छटा साधते.

भाजण्याचे काम मात्र वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. विजेच्या भट्टीचे बटण दाखविते तेवढीच उष्णता आत असते असे नाही. म्हणून निराळा तापमापक आत ठेवावा आणि पुडक्यावर छापलेले तापमान व वेळ पाळावी. पाव इंच जाडीला साधारण अर्धा तास लागतो. उष्णता फार वाढली तर पीव्हीसी करपून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. म्हणून चुलीवर, गॅसच्या ज्योतीवर किंवा कढईत हा प्रयोग मुळीच करू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, या कामाची ताटली पुन्हा स्वयंपाकात वापरू नये आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.

भट्टी घरी नसेल तर हिरमुसण्याचे कारण नाही. कॉर्नफ्लोअर व पांढरा गोंद समभाग घेऊन, त्यात किंचित तेल घालून मंद आचेवर घोटले म्हणजे उत्तम लगदा होतो. तो हवेत एकदोन दिवसांत वाळतो. फक्त पाण्यापासून जपावा लागतो. आमच्या मते नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. दुसरेही एक कारण आहे. पॉलिमरची वस्तू मातीत कुजत नाही. फसलेले फूल उकिरड्यावर टाकले तर ते तेथेच राहते. म्हणून भाजण्याआधी फसले ते पुन्हा मळून घ्यावे, आणि रंग मिसळून मळकट झालेले तुकडे मोठ्या मण्यांच्या पोटात भरावेत.

दोऱ्यासाठी भोके भाजण्यापूर्वीच पाडावीत. नंतर पाडू गेल्यास पाकळी तुटण्याची भीती असते. कानांतल्या फुलांसाठी तारेचा आकडा शक्यतो चांदीचा घ्यावा, कारण स्वस्त तारेतील निकेलने पुष्कळांच्या कानांना खाज सुटते. शहापुरी लुगड्याच्या काठाचा एखादा रंग पाकळीत उतरविला तर दागिना आणि वस्त्र एकमेकांना शोभतात. बकुळीच्या माळेस मात्र मळकट पांढरा रंगच द्यावा, आणि दोन फुलांमध्ये एकेक बारीक मणी ओवावा, म्हणजे पाकळ्यांची टोके परस्परांवर घासत नाहीत.