पाखरांचा संसार – लेखांक ४ : मडकं कधी टांगायचं, कधी काढायचं

गेल्या आठवड्यात आपण पिंजऱ्याची लांबी, बसायच्या दांड्या आणि रोजचा दाणा यांची माहिती घेतली. त्यानंतर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : जोडी तर आणली, आता घरट्यासाठी मडकं टांगू का?

उत्तर शोधायला या पाखरांच्या मुळाशी जावं लागतं. बजी (दुकानात ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते) आणि झेब्रा फिंच, दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातली. तिथे पावसाचा नेम नसतो. पाऊस झाला की गवत वाढतं, त्याला दाणे धरतात आणि तेवढ्या सुगीत ही पाखरं भराभर पिल्लं वाढवून घेतात. सुगी सरली की वीण थांबते. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले. पुढे पिंजऱ्यात त्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, निळे-पिवळे-पांढरे रंग आले, पण हा स्वभाव कायम राहिला. आपल्या घरी वाटी बारा महिने भरलेली असते, म्हणजे पाखराच्या लेखी सुगी कधी सरतच नाही. मडकं तसंच टांगलेलं राहिलं तर मादी अंड्यांमागून अंडी घालते आणि खंगत जाते. म्हणून माझं ठाम मत आहे : वीण सुरू करायला फारसं कौशल्य लागत नाही, ती वेळेवर थांबवणं हेच पाळणाऱ्याचं खरं काम.

आधी कायद्याचं बोलू. आपला हिरवा पोपट, मुनिया आणि असे इतर देशी पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पाळता किंवा विकता येत नाहीत. बाजारात रंग लावून विकल्या जाणाऱ्या मुनियाही त्यातच आल्या. ही लेखमाला फक्त पिंजऱ्यातच पैदास झालेल्या परदेशी पाखरांविषयी आहे.

जोडी आणि तयारी

बजीच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती एक मऊ पट्टी असते. मोठ्या नरात ती निळी, मादीत फिकट पांढुरकी किंवा तपकिरी. विणीला आलेल्या मादीची पट्टी गडद तपकिरी आणि खरबरीत होते. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या-पिवळ्या नरांत मात्र ती गुलाबी-जांभळटच राहते, तिथे गफलत होते. झेब्रा फिंचच्या नराचे गाल नारिंगी असतात, त्यामुळे त्याला ओळखणं सोपं. बजीची मादी वर्षाची आणि फिंचची नऊ महिन्यांची झाल्याशिवाय घरटं देऊ नये. एकाच विणीतली भावंडं जोडीला लावू नयेत.

कोवळी मादी, थंडी आणि कॅल्शियमची कमतरता, यांतून अंडं पोटात अडकतं. मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी वरखाली हलत राहते. तिला लगेच ऊब द्या आणि पशुवैद्याकडे न्या; दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. हे टाळायचं तर अंड्यांच्या आधीपासूनच पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवलेला हवा. कोकणच्या किनाऱ्यावर तो वाळूत मिळतो. गोड्या पाण्यात भिजवून, खारटपणा काढून, कडक उन्हात वाळवून वापरावा.

बजी घरटं बांधत नाहीत, त्यांना पोकळी लागते. भोक पाडलेलं मडकं त्यांना चांगलं मानवतं. तळ खोलगट असल्याने अंडी एका जागी राहतात. आत मूठभर कोरडा लाकडी भुसा जरूर घाला. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि मग जन्मभर सरळ होत नाहीत. एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील तर जोड्यांपेक्षा मडकी जास्त आणि सगळी एकाच उंचीवर हवीत. नाहीतर माद्या जागेसाठी जीवघेण्या भांडतात.

फिंचला काथ्याची किंवा वेताची छोटी टोपली आणि सुकं गवत पुरतं. लांब दोरे देऊ नका, पायात अडकतात. घरटं पूर्ण झालं की उरलेलं गवत काढून घ्या. नाहीतर हे पाखरू अंड्यांवरच गवताचा नवा थर रचतं आणि खालची अंडी वाया जातात.

अंडी आणि पिल्लं

बजीची मादी एका दिवसाआड अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते आणि प्रत्येक अंडं सुमारे १८ दिवसांनी फुटतं. त्यामुळे पिल्लंही दिवसाआड येतात. थोरल्याला पिसांचे कोंब फुटायला लागतात तेव्हा धाकटं नुकतंच बाहेर आलेलं असतं. तरी मादी लहानग्याला पातळ रस आणि मोठ्यांना भिजलेला दाणा असं वेगवेगळं भरवते. संध्याकाळी मडक्यात एकदा डोकावून पिल्लांच्या गळ्याखालची थैली पाहा. पातळ कातडीतून आतले दाणे स्पष्ट दिसतात. थैली सतत रिकामी दिसली तर आई भरवत नाही, असं समजा. महिना-सव्वा महिन्यात पिल्लं बाहेर पडतात.

झेब्रा फिंचची मादी रोज एक अंडं घालते आणि नर-मादी आळीपाळीने १२ ते १४ दिवस उबवतात. पिल्लं तीन आठवड्यांत घरटं सोडतात. त्यांची चोच काळी असते, पुढे ती लाल-नारिंगी होते. नर पिल्लू गाणं बापाकडून शिकतं. जन्मानंतरचे पहिले तीन महिने त्या शिक्षणाचे असतात, म्हणून त्याला बापाचं गाणं ऐकू येईल इतपत जवळ ठेवा.

या दिवसांत मोड आलेला राळा आणि बारीक केलेलं उकडलेलं अंडं द्या. दोन तासांनी उरलेलं काढून टाका. वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका. ही पाखरं दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. रोज फुंकर मारून पाहा, खाली दाणा किती उरलाय ते कळेल.

थांबायचं कधी

वर्षातून दोन विणी पुरे. आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ बरा. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, उन्हाळ्यात मडक्यात पिल्लं होरपळतात. दुसऱ्या विणीतली पिल्लं स्वतः खाऊ लागली की मडकं काढा, नर-मादी वेगळे करा, अंडं आणि मोड बंद करून साध्या दाण्यावर आणा आणि संध्याकाळी दिवा लवकर मालवा. नुसती अंडी उचलून उपयोग नाही, मादी पुन्हा घालते.

आणि वाढलेली पिल्लं बाहेर सोडून देणं म्हणजे मुक्ती नव्हे. त्यांना ना दाणा शोधता येत, ना कावळा-मांजर ओळखता येतं.

म्हणून मडकं आणण्याआधी एवढं करा : या विणीतली पिल्लं कुणाच्या घरी जाणार, त्यांची नावं कागदावर लिहा. कागद कोरा राहिला, तर यंदा मडकं टांगू नका.

(पुढील आठवड्यात : आजारी पाखरू कसं ओळखावं)