जन्मताच पुरलेली गुलाबो

‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वातली (२०११) गुलाबो सपेरा आठवते? तिची खरी ओळख त्याहून कितीतरी मोठी आहे. भटक्या कालबेलिया समाजातली ही जयपूरची नर्तकी. मुलगी झाली म्हणून जन्मताच जमिनीत पुरलं, आई आणि मावशीनं उकरून काढलं, असं ती मुलाखतींत सांगते. वडील गारुडी, पुंगी वाजली की सापांबरोबर पोरही डोलायची. १९८१ मध्ये पुष्करच्या मेळ्यात राजस्थान पर्यटन विभागाच्या लोकांनी तिला नाचताना पाहिलं आणि १९८५ मध्ये ती थेट अमेरिकेत, भारत महोत्सवात! पुढे फ्रेंच संगीतकार तिएरी रोबँबरोबर गाणी केली. २०१६ मध्ये पद्मश्री.

कालबेलिया नाचाला आपण ‘सापाचा नाच’ म्हणून मोकळे होतो, पण त्याची गाणी ऐका. त्यांत पुराणकथा असतात, लिहून ठेवलेलं काही नसतं, पुष्कळदा ऐन नाचातच ती रचली जातात. २०१० मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली ती गाणी आणि नाच, दोन्ही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गारुड्यांचा धंदा बसला. मग कमाईसाठी बायकांचा नाच पुढे आला.

चित्रपटवेड्यांनी टोनी गात्लिफचा ‘लाचो द्रोम’ (१९९३) जरूर पाहावा. जिप्सी संगीताचा तो प्रवास राजस्थानच्या वाळवंटातूनच सुरू होतो.