शेवटचा झोत तांबडा हवा

‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या लेट्यूसचं बी ओलं करून काळोखात ठेवलं, तर बहुतेक बिया तशाच पडून राहतात. ओल आहे, ऊब आहे, हवा आहे. तरी कोंब फुटत नाही. तांबड्या प्रकाशाने या बिया रुजतात आणि त्यापलीकडच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अतितांबड्या प्रकाशाने अडतात, हे १९३०च्या दशकातच दिसून आलं होतं. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही प्रकाश आलटून पालटून दिले.

एक मिनिट तांबडा दिला, तर ७० टक्के बिया रुजल्या. त्यानंतर चार मिनिटं अतितांबडा दिला, तर फक्त ६ टक्के. पुन्हा तांबडा: ७४. पुन्हा अतितांबडा: ६. किती वेळा फिरवलं याला महत्त्वच नव्हतं. शेवटचा झोत कोणता, एवढंच बी धरून ठेवत होतं. मला हा प्रयोग वनस्पतिशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो, कारण यामागचं रंगद्रव्य हाती लागण्याआधीच त्याचा स्वभाव यात उघड झाला.

ते द्रव्य म्हणजे फायटोक्रोम. हे प्रथिन दोन रूपांत असतं. एक रूप ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषतं आणि दुसऱ्या रूपात जातं. ते दुसरं रूप ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा अतितांबडा शोषून पुन्हा पहिल्यात येतं. दुसरं रूप कामाचं. ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथे रुजवण रोखून धरणारी प्रथिनं हटवतं. मग जिबरेलिन हे संप्रेरक वाढतं, गर्भाभोवतीचा थर मऊ पडतो आणि मूळ बाहेर येतं.

पण बियाला या दोन रंगांतला फरक हवाच कशाला? उत्तर डोक्यावरच्या पानांत आहे. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश खाऊन टाकतं, अतितांबडा मात्र बराचसा खाली जाऊ देतं. मोकळ्या उन्हात तांबड्याचं अतितांबड्याशी प्रमाण साधारण १.२ असतं, दाट पालवीखाली ते ०.१ पर्यंत उतरू शकतं. म्हणजे बी नुसता उजेड मोजत नाही, वर कुणी आधीच उभं आहे का, ते ओळखतं. बारीक बियांत शिदोरी थोडी असते. सावलीत रुजून मरण्यापेक्षा थांबणं त्यांना परवडतं. हरभऱ्यासारख्या टपोऱ्या दाण्याला ही सावधगिरी लागत नाही. तो मातीखालीही बिनधास्त रुजतो.

रान वखरलं की तणाचा नवा लोंढा येतो, त्यामागेही काही अंशी हेच आहे. उलटलेल्या मातीबरोबर खोलवरच्या बिया वर येतात आणि क्षणभराचा उजेडही कित्येकींना पुरतो.

रुजल्यावरही फायटोक्रोमची पाळत सुटत नाही. शेजारच्या पानांवरून परतलेला अतितांबडा खोडावर पडला, तर रोप सावली पडण्याआधीच उंच वाढू लागतं. दाट पेरलेली रोपं लांबट आणि कमकुवत होतात, त्याचं हे एक मोठं कारण. विरळणी वेळेवर करावी ती यासाठीही. एकदा ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही.