होडी किती फुटी, त्यात जाकिटे किती?



एरवी मी तुमच्याशी बीजप्रक्रिया, ज्वारीचा खोडकिडा नाहीतर मिरचीवरचा चुरडा-मुरडा यांवर बोलतो. आज बोलायचे आहे होडीबद्दल. शेतीखात्याच्या माणसाचा होडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यात तो संबंध रोजचा आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या पाण्यामुळे बाधित झाली. यांतल्या कितीतरी पाड्यांना बियाणे, रेशन, लस, पोषण आहार पाण्यावरूनच जातो. २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका बालकांपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतः होडी वल्हवत गेल्या, हे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. तिकडे तोरणमाळला यशवंत तलावावर पर्यटक हौसेने नौकेत बसतात. प्रकाशाला तापीवर भाविक बसतात. पाणी कोणतेही असो, बुडणाऱ्या माणसाला त्याचा फरक पडत नाही.

गोणीतली जाकिटे

मागे एकदा पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याच्या पिशव्या घेऊन नर्मदाकाठच्या एका गावी निघालो. इंजिनची होडी, अठराएक फुटांची. आत आम्ही खात्याचे तिघे, बाजार करून परतणारी दहा-बारा माणसे, दोन शेळ्या आणि आमच्या पिशव्या. मला पोहता येत नाही. होडीवाल्या दादांना विचारले, "दादा, जाकिटे आहेत का?"

"आहेत ना साहेब," म्हणत त्यांनी फळीखालची गोणी दाखवली. तोंड सुतळीने आवळलेले. "बाहेर ठेवली तर उन्हाने खराब होतात. तपासणी आली की काढतो."

गोणी सोडून पाहिली. सहा जाकिटे निघाली. दोघांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले, एकाचे बक्कल गायब. राहिली धड तीन, आणि माणसे चौदा-पंधरा. आता खरे सांगतो, त्या तिघांतले एकही मी अंगावर घातले नाही. एवढ्या लोकांत एकट्या साहेबाने जाकीट घालायचे, लोक हसतील, असे वाटले. मध्यावर वारा सुटला आणि पाणी काठाला लागू लागले, तेव्हा त्या लाजेची किंमत कळली. पलीकडे सुखरूप उतरलो हे नशीब. माझी चूक आधी कबूल करतो, मगच तुम्हाला चार गोष्टी सांगतो.

भुषाची संक्रांत विसरू नका

१५ जानेवारी २०१९, मकर संक्रांत. धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेच्या पूजेसाठी, स्नानासाठी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली. लहान मुलांसह आपली माणसे गेली. आसपासच्या होडीवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी उड्या टाकून अनेकांना वाचवले, म्हणून आकडा आणखी वाढला नाही.

पुढे काय झाले पाहा. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. नौकेत क्षमतेपेक्षा जास्त मुले होती आणि सगळ्यांच्या अंगावर जाकिटे नव्हती. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. दहाहून जास्त बळी गेल्यावर तिथे प्रवाशांना जाकीट सक्तीचे झाले.

"आम्हाला पोहता येते," असे नर्मदाकाठचा माणूस म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण होडी उलटते तेव्हा डोक्याला फळी लागते, लुगडे पायात अडकते, कडेवर मूल असते, एकजण दुसऱ्याला मिठी मारतो. आपल्या जलाशयात पाण्याखाली जुन्या झाडांची खोडे आहेत आणि काठाला गाळ आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०२२ सालच्या हौशी नौकांच्या अपघातांचा हिशेब काढला, तेव्हा बुडून मेलेल्या दर १०० माणसांपैकी ८५ जणांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्यांतही पोहणारे असतीलच की.

माणसे किती बसवायची?

उसाच्या ट्रॉलीत दोन मोळ्या जास्त टाकल्या तर फार तर टायर फुटेल. होडीत दोन माणसे जास्त झाली की पाणी आणि काठ यांतले अंतर कमी होते. मग एक लाट किंवा एका बाजूला सरकलेली चार माणसे पुरतात. २० फुटांच्या आतल्या साध्या होडीसाठी अमेरिकेत एक सोपा हिशेब वापरतात. लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, आणि त्याला १५ ने भागायचे. १८ फूट लांब आणि ५ फूट रुंद होडी असेल तर १८ गुणिले ५ म्हणजे ९०, भागिले १५ म्हणजे ६ माणसे, नावाडी धरून. हा आकडा शांत पाण्याचा आहे. वारा असेल तर कमी करा. माल असेल तर ५० किलोच्या एका पोत्यामागे एक माणूस कमी धरा. आता माझ्या त्या प्रवासाचा हिशेब तुम्हीच करा.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने जहाजांत खच्चून माल भरण्याविरुद्ध झगडा केला आणि १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणे कायद्याने सक्तीचे झाले. आपल्या होडीलाही असा पट्टा मारता येतो. ठरलेली माणसे बसवा, पाणी जिथे लागते तिथे बाहेरून पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. रेघ बुडाली की शेवटी चढलेला माणूस खाली उतरला पाहिजे, मग तो सरपंच असो की साहेब.

कोणत्या होडीत काय हवे?

खाली लिहिले ते किमान आहे. नोंदणीच्या बोटीला तपासणीत जे सामान लिहून दिले असेल, ते तर ठेवावेच लागते.

१) १६ फुटांपर्यंतची डुंगी किंवा वल्ह्याची होडी: माणशी एक जाकीट, मुलांसाठी मुलांच्या मापाचे. एक जादा वल्हे. पाणी उपसायला डबा, तो दोरीने होडीला बांधलेला. निदान १५ मीटर तरंगती दोरी. शिट्टी, आणि अंधार पडण्याची शक्यता असेल तर बॅटरी.

२) १६ ते २६ फुटांची, बहुधा इंजिनची होडी: वरचे सगळे, शिवाय फेकता येईल असे गोल जीवरक्षक कडे, दोरी बांधलेले आणि हाताशी टांगलेले. अमेरिकेत १६ फूट आणि त्यावरच्या नौकेला असे फेकायचे साधन सक्तीचे आहे. एक आग विझवण्याचे नळकांडे, कारण पेट्रोल-डिझेल आणि बिडी एकाच होडीत असतात. इंजिन बंद पडले तर वल्ही आणि नांगर. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची दोरी, तो पडला की इंजिन आपोआप बंद होते.

३) २६ फुटांवरची प्रवासी लाँच: वरचे सगळे, पण कडी एकापेक्षा जास्त, दोन्ही बाजूंना. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे २६ ते ४० फुटांपर्यंत आग विझवायची दोन नळकांडी, ४० ते ६५ फुटांपर्यंत तीन. प्रथमोपचाराची पेटी, धरायला कठडा, चालवणाऱ्याच्या जोडीला मदतनीस, आणि चढणाऱ्यांची नावे लिहिलेली वही काठावर. होडीतली वही होडीबरोबरच बुडते.

जाकीट घेताना आणि घालताना

पाण्यात माणसाचे वजन फारसे उरत नाही, चार-पाच किलोचा आधार मिळाला तरी तोंड वर राहते. म्हणून जाकिटावर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० चे जाकीट पोहणाऱ्याला काठाजवळ मदत म्हणून असते. १०० चे म्हणजे साधारण दहा किलोचा उचल देणारे, न पोहणाऱ्याला शांत पाण्यात हेच घ्या. डीजी शिपिंग किंवा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या मान्यतेचा शिक्का पाहा. कोणत्या वजनाच्या माणसासाठी आहे तेही छापलेले असते. मोठ्याचे जाकीट पोराला घातले तर पोर खालून निसटते.

सगळे पट्टे आवळा. मग कोणीतरी खांद्याजवळ धरून जाकीट वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत आले तर सैल आहे. लहान मुलाला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलेच घ्या. वापर झाला की सावलीत वाळवून खुंटीला टांगा. बियाणे जसे ओलीपासून आणि उंदरांपासून जपता, तसेच हे जपा. त्यावर बसू नका, आतला फोम दबतो.

पैसे कमी असतील तर घट्ट बूच लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन दोरी बांधून फेकायला ठेवा, तो माणसाला धरून राहायला पुरतो. पण तो जाकिटाची जागा घेत नाही. आणि फवारणीच्या औषधाचा डबा यासाठी मुळीच वापरू नका.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे या गोष्टी बंद करा, त्यात वेळ जातो. उताणे झोपवा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि १०८ ला कळवा.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी

देशात आता १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. इंजिनच्या नौकेला तपासणी आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी सागरी मंडळाकडे जावे लागते. इंजिन नसलेल्या होड्यांची काही कामे राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकते, अशीही सोय या कायद्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, ती तहसील कार्यालयातून मागवून घ्या.

पण कागदाची वाट पाहत बसायची गरज नाही. आपल्याकडे पेसा आहे, ग्रामसभेला मान आहे. येत्या ग्रामसभेत एक विषय घ्या. गावच्या घाटावर किती होड्या, प्रत्येकीची लांबी-रुंदी किती, माणसे किती, जाकिटे किती, याची यादी करा. ठरलेला आकडा होडीवर ठळक रंगवा. कमी पडणारी जाकिटे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतात का, हे भाऊसाहेबांनी पंचायत समितीत विचारावे. संक्रांत, महाशिवरात्र, यात्रा अशा दिवशी घाटावर दोन माणसे उभी करा. त्यांचे काम एकच, जाकिटाशिवाय कोणाला चढू न देणे आणि आकडा भरला की होडी सोडणे.

होडीवाल्या दादांवर सगळे ढकलून चालणार नाही. चौथ्या फेरीचे डिझेल परवडत नाही म्हणून तो तीन फेऱ्यांत चार फेऱ्यांची माणसे भरतो. भाडे ठरवताना ग्रामसभेने याचाही विचार करावा. पाच-दहा रुपये जास्त पडले तर पडू द्या.

आणि शेवटचे माझ्यासारख्यांसाठी. तलाठी, शिक्षक, आरोग्यसेविका, कृषी सहायक, आपण होडीत चढलो की पहिले जाकीट आपण घालायचे, मोठ्याने मागून घालायचे. आपण घातले की शेजारची आजी मागते, मग पोराची आई मागते. त्या फेरीनंतर मी स्वतःच्या पैशाने एक जाकीट घेतले. गाडीच्या मागच्या सीटवर बियाण्याच्या नमुन्यांशेजारी ते असते. पहिल्यांदा लोक हसले. आता होडीवाले दादा मला पाहिले की आपणहून गोणी सोडतात.