एक नियम, अनेक लिप्या

धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेजवळचे गाव आहे. येथे मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानावर पडतात. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. मग एकच संगणक या साऱ्या लिप्या कशा सांभाळतो?

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. पण एका संगणकात 'क'चा क्रमांक एक आणि दुसऱ्यात निराळाच असेल, तर? पूर्वी असे पुष्कळदा होई. एका ठिकाणी टाइप केलेले मराठी पत्र दुसरीकडे उघडले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. पत्र पोहोचे, पण वाचता येत नसे. म्हणून सर्वांनी मिळून क्रमांकांची एकच यादी ठरवणे आवश्यक होते. अशा ठरलेल्या नियमाला 'मानक' म्हणतात.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक जाहीर केले. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने त्यावर चालणारी साधने तयार केली. इस्कीत 'क'चा क्रमांक देवनागरीत १७९ होता आणि तेलुगूतही १७९! हे कसे जमले? या दोन लिप्यांचे वळण वेगळे असले, तरी वर्णमालेचा क्रम सारखाच आहे. म्हणून एका लिपीचा नियम दुसरीत सहज नेता आला.

१९९१ मध्येच 'युनिकोड' या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती निघाली. त्यात प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग मिळाला. देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो आणि तेलुगूचा ३०७२ पासून. 'क'चे क्रमांक आहेत २३२५ आणि ३०९३. वजाबाकी करून पाहा. दोन्हीकडे 'क' सुरुवातीपासून २१ घरे पुढे आहे.

उर्दूचे मात्र तसे झाले नाही. तिची लिपी अरबी-फारसी परंपरेची असल्यामुळे ती अरबी विभागात आली. तेथे मूळ अरबी अक्षरे आधी मांडली गेली आणि इतर भाषांची जादा अक्षरे नंतर. त्यामुळे 'बे' १५७६ वर, 'ते' १५७८ वर, पण 'पे' थेट १६६२ वर आहे. तुम्ही तर अलिफ, बे, पे, ते असा क्रम शिकलात. नुसत्या क्रमांकांवरून हजेरीपट लावला, तर परवीनचे नाव तस्लीमच्या नंतर येईल! म्हणून उर्दूसाठी क्रम लावण्याचा वेगळा नियम संगणकाला सांगावा लागतो.

काही गोष्टी मात्र या तिन्ही लिप्यांत सारख्या राहिल्या. अक्षरे वाचण्याच्या क्रमाने साठवायची आणि त्यांचे रूप पडद्यावर दाखवताना ठरवायचे. 'बे' शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये व शेवटी वेगळा दिसतो, पण त्याचा क्रमांक एकच असतो. मराठी 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, पण साठवली जाते 'क'नंतर.

संगणकाला आज्ञा देण्याच्याही अनेक भाषा आहेत. त्यांना प्रोग्रामिंग भाषा म्हणतात. तेथेही हाच प्रश्न येतो. १९९८ मध्ये जावा या भाषेसाठी 'सॅक्स' नावाचे मानक तयार झाले. एक्सएमएल पद्धतीने लिहिलेला मजकूर वाचताना 'भाग सुरू झाला', 'मजकूर आला', 'भाग संपला' अशा सूचना क्रमाने कशा द्याव्यात, हे त्यात ठरवले आहे. पुढे ते पायथन, पर्ल या भाषांतही नेले गेले. प्रत्येक भाषेत लिहिण्याची रीत बदलली, पण सूचनांचा क्रम तोच राहिला.

म्हणजे नियम दुसऱ्या भाषेत नेताना शब्दाला शब्द लावून भागत नाही. सर्वांसाठी सारखे काय ठेवायचे आणि त्या त्या भाषेवर काय सोपवायचे, हे आधी ठरवावे लागते. हे नीट ठरले, म्हणूनच धर्माबादेत उर्दूत टाइप केलेले तुमचे नाव मुंबईच्या संगणकावरही तुमचेच नाव राहते.